आरती नव्हे, पण १९८५ राहिलं खरं

नमस्कार,

जपानी बेसबॉलमधले फलंदाज सादाहारू ओ यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की ही निव्वळ आरती झाली. जपानची मैदानं लहान, पिचर (चेंडू टाकणारे) दुय्यम, म्हणून त्यांच्या ८६८ होमरनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचा) आकडा फुगलेला. शिवाय १९८५ चं प्रकरण मी सोयीस्करपणे गाळलं. शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंत. आधीच्या दोन्हींवर मात्र भांडणार आहे.

ओंच्या योमिउरी जायंट्स संघाचं कोराकुएन मैदान लहान होतं, मान्य. पण त्या काळी जपानातल्या इतर मैदानांवर खेळणारेही काही डोंगर ओलांडत नव्हते. तरी जपानच्या यादीत ओंच्या मागोमाग कोण? कात्सुया नोमुरा, ६५७. तेही ओंपेक्षा चार हंगाम जास्त खेळून. मधल्या २११ होमरनचं श्रेय मैदानाला कसं द्यायचं?

आणि पिचर दुय्यम असतील, पण भित्रे होते हे नक्की. बेसबॉलमध्ये चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. ओंना असे २३९० वॉक मिळाले, एकट्या १९७४ मध्ये १५८. अमेरिकी लीगमधल्या हँक ॲरनपेक्षा ओ मोठे, असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. दोन लीगची तुलना करायला बसलो तर आपलं क्रिकेटवालं भांडण सुरू होईल.

मला भुरळ पडली ती १९६२ ची. आधीच्या वर्षी ओंचे होमरन होते १३. बॅट उशिरा यायची. प्रशिक्षक हिरोशी अराकावांनी १ जुलैला त्यांना उजवा पाय उचलून, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहून खेळायला लावलं. पुढे छताला टांगलेला कागद तलवारीने कापण्याचा सराव. लटकता कागद नुसत्या जोराने कापला जात नाही, तो बाजूला सरतो. पातं नेमक्या कोनात यावं लागतं. त्या हंगामाअखेर होमरन झाले ३८, आणि लीगमधला पहिला क्रमांक पुढची बारा वर्षं दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

आता १९८५. हान्शिन टायगर्स संघाचा अमेरिकी रँडी बास त्या हंगामात ५४ होमरनवर पोचला होता. ओंचा १९६४ चा एका हंगामातल्या ५५ होमरनचा विक्रम फक्त एकाच होमरनवर. शेवटचा सामना जायंट्सशी, आणि जायंट्सचे व्यवस्थापक स्वतः ओ. बासला चार वॉक मिळाले. एकदा त्याने बाहेरच्या चेंडूवर बॅट लांबवून कसाबसा एक हिट काढला, तेवढंच. आपण तसा आदेश दिला नव्हता, असं ओंचं म्हणणं. पण ते थांबवूही शकले असते, आणि थांबवलं नाही. २००१ मध्ये अमेरिकी टफी ऱ्होड्स ५५ वर असताना, ओ व्यवस्थापक असलेल्या हॉक्स संघाने पुन्हा तेच केलं.

हे जास्त बोचतं ते ओंच्या स्वतःच्या कहाणीमुळे. वडील चिनी, म्हणून ओंकडे जपानी नागरिकत्व नव्हतं. १९५७ च्या वसंतात कोशिएनची शालेय बेसबॉल स्पर्धा शाळेला जिंकून देणाऱ्या या पोराला त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत परका म्हणून उतरू दिलं नाही. पुढे त्याच्याच नावावरचा विक्रम परक्यांपासून राखला जात होता. अखेर २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरसाओ बेटाच्या व्लादिमीर बालेंटिनने ६० मारून तो मोडला.

हा भाग मूळ लेखात आज जोडतो आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. ८६८ चा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.