चीनवरचं पुस्तक मागितलं, की आधी माझी जात विचारतात: डावा की उजवा?

मला फार काही नकोय हो. १९४९ ते १९७६ या काळात चीनमध्ये समाजवाद रोजच्या रोज चालवला कसा, एवढंच सांगणारं एक धड पुस्तक हवंय. धान्य कोण मोजून न्यायचं, शेतातल्या कामाचे गुण (ज्यावरून वाटा ठरायचा) कोण मांडायचं, गाव सोडून शहरात कोणाला जाता यायचं. पण कोणालाही विचारा, उत्तराच्या आधी चौकशी: तुम्ही त्यांच्या बाजूचे की विरोधातले? अरे, पुस्तक मागतोय, पक्षाचं सभासदत्व नाही!

डावे मित्र हातात अमेरिकन पत्रकार एडगर स्नो ठेवतात. वाचायला झकास, वाद नाही. पण गडी माओला भेटला १९३६ मध्ये, पुस्तक आलं १९३७ मध्ये, आणि सत्ता मिळाली १९४९ ला. कांदेपोह्याच्या कार्यक्रमावरून संसार कसा झाला ते मी ठरवायचं का?

उजवे मित्र युंग चांग आणि जॉन हॅलिडे यांच्या माओ-चरित्राचा ठोकळा आणून देतात. २००५ चा. पहिल्याच वाक्यात शांततेच्या काळातले ७ कोटींहून जास्त बळी माओच्या नावावर, आणि तिथून पुढे शेकडो पानं एकच खलनायक. बरं, सगळं एकट्याने केलं तर पिकाचे फुगवलेले आकडे वर कळवणारे ते तालुक्यातले, जिल्ह्यातले हजारो कार्यकर्ते कोण होते? ते का खोटं बोलले? त्यांच्यावर कोणाचा दट्ट्या होता? यातच तर खरा इतिहास आहे! चीनच्या अभ्यासकांनी या पुस्तकातल्या पुराव्यांच्या वापरावर सडकून टीका केली, पण ती टीका कोणी भेट म्हणून देत नाही.

१९५९-६१ च्या आसपासच्या महादुष्काळाबद्दल तर बोलायलाच नको. इतिहासकार फ्रांक डिकॉटर म्हणतो किमान साडेचार कोटी मेले, यांग जीशंग म्हणतो ३ कोटी ६० लाख. लोक या आकड्यांवरून एकमेकांच्या अंगावर धावतात. पण फरक पडतो कशाने, हे सांगायला एक माणूस तयार नाही. एरवीचा मृत्युदर किती धरायचा, न नोंदलेले मृत्यू कसे मोजायचे, जनगणनेवर किती विश्वास टाकायचा, सगळी मारामारी तिथे आहे. आणि डिकॉटरच्या प्रकाशकाने २०१० मध्ये काय करावं? माओच्या दुष्काळावरच्या पुस्तकाला मुखपृष्ठ म्हणून १९४६ च्या दुष्काळातल्या उपाशी पोराचा फोटो! म्हणजे कम्युनिस्ट सत्तेत यायच्याही आधीचा! कोट्यवधी माणसं खरोखर मेली असताना, ‘असं काही झालंच नाही’ म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत. संताप येतो.

यांग जीशंग वेगळा. शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेचा पत्रकार, पक्षाचा सदस्य, स्वतःचे वडील १९५९ मध्ये उपासमारीने गेलेले. त्याने प्रांतोप्रांतीच्या दफ्तरखान्यांत बसून कागद काढले. हेनानमधल्या शिनयांगमध्ये किमान १० लाख माणसं मेली, तीही सरकारी कोठारांत धान्य असताना. हे कसं घडलं ते तो आदेशागणिक दाखवतो. पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला छापावं लागलं, मुख्य चीनमध्ये बंदी. आणि इंग्रजीत जे आलं ते कापून छोटं केलेलं. इथेही नशीब आडवं!

लेखकाला बाजू असू नये असं माझं म्हणणंच नाही. अमेरिकन लेखक विल्यम हिंटन उघडउघड क्रांतीचा समर्थक. पण शान्शीतल्या एका गावातलं १९४८ मधलं जमीनवाटप सांगताना तो सभेमागून सभा दाखवतो, कोणाला उगाच जमीनदार ठरवून झोडपलं तेही लिहितो. अमेरिकेत परतल्यावर सरकारने त्याच्या टिपणवह्या जप्त केल्या, म्हणून पुस्तक यायला १९६६ उजाडलं. असा पक्षपाती मला चालतो. पुरावाच न दाखवणारा ‘तटस्थ’ नाही चालत.

चीड कशाची येते सांगू? एका पुस्तकात नुसते अनवाणी डॉक्टर (थोडं प्रशिक्षण घेऊन गावातच उपचार करणारे) आणि वाढलेलं आयुर्मान, दुसऱ्यात नुसती प्रेतं. अहो, त्याच कम्यूनच्या, म्हणजे अनेक गावांच्या सामूहिक शेती-कारभाराच्या, यंत्रणेने गावाचं धान्य उचलून नेलं आणि पुढे त्याच यंत्रणेच्या निधीतून त्या अनवाणी डॉक्टरांचा खर्च निघाला. दोन्ही एका पुस्तकात मांडायला काय हरकत आहे?

आपल्याकडे तर चीन म्हणजे १९४२ साली तिथे वारलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस, नाहीतर थेट १९६२ चं युद्ध. मधल्या वीस वर्षांत शेतकऱ्याला जमीन मिळाली, पुन्हा सामूहिक झाली, कम्यून आले, भूकबळी पडले. त्याचं कोणाला सोयरसुतक नाही.

म्हणून आता दुकानात मी आधी शेवटची सूची उघडतो. ‘हुकोऊ’ शोधतो. १९५८ च्या कायद्याने शेतकऱ्याला गावाशी बांधून टाकणारी ही नोंदणीपद्धत. ती नसेल तर पुस्तक परत फळीवर. परवा एक जाडजूड, नवंकोरं हातात आलं. माओ यांगत्से नदीत पोहला त्याचं रसभरित वर्णन. हुकोऊ? एक ओळ नाही. वर किंमत अशी, की त्यात किराणा आला असता. आणि दुकानदार म्हणतो, "घ्या ना साहेब, खूप खपतंय." खपणारच!