तिसरी पिन शोभेची नसते हो!

'वीज कंपनी हे तुम्हाला कधीच सांगणार नाही' असा मथळा देऊन चार मुद्द्यांचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं. पण दहावीतला भाचा तो वाचून इस्त्रीच्या प्लगची तिसरी पिन कापायला पक्कड घेऊन बसला, तेव्हा राहवेना.

मेसेज म्हणतो, सर्किट दोन तारांनी पूर्ण होतं, तिसरीतून करंट जातच नाही, मग ती हवी कशाला? एरवी जात नाही, मान्य. अहो, जाऊच नये! इस्त्रीच्या आत फेजच्या (वीज आणणाऱ्या) वायरचं इन्शुलेशन जळून ती धातूला टेकली, की अख्खी इस्त्री 230 व्होल्टवर जाते. तिसऱ्या पिनमधून जमिनीकडे जाणारं अर्थिंग नीट असेल तर करंटला कमी रोधाची वाट मिळते, एकदम मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. पिन कापलेली असेल तर फ्यूजला पत्ताच लागत नाही. इस्त्री मजेत तापत राहते, आणि जमिनीकडे जायची वाट उरते ती तुमच्या हातातून, छातीतून. घरातला आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडेल असा बनवतात, तो उगाच नाही. पिन लांब असते तीही मुद्दाम: प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं, काढताना शेवटी सुटावं.

दुसरा सल्ला, 'फ्यूज सारखा उडतो? जाड तांब्याची तार घाला.' हे घर पेटवायचे धंदे. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. फ्यूज वितळला नाही तर भिंतीतली वायर तापणार. दहावीच्या विज्ञान भाग 1 मधला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा उघडून बघा. चौपट उष्णतेचा हा ज्यूलचा नियम तिथेच आहे, फ्यूजही तिथेच. पुस्तक भाच्याच्या दप्तरातच होतं, पण वाचला मेसेज!

रबरी चप्पल घातली की शॉक लागत नाही म्हणे. एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल (परतीची तार) लागल्यावर चप्पल काय करणार?

उरला पंखा. 'हळू फिरवला तरी बिल तेवढंच.' बरं, यात थोडं तथ्य आहे. जुन्या डबा रेग्युलेटरमध्ये रोध असायचा, पंख्याकडून वाचलेली बरीचशी वीज तिथे उष्णता होऊन जायची. हात लावला तर गरम लागायचा. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मात्र पंखा हळू केला की वीज खरोखरच कमी लागते.