खांद्याचं बिल: खानापूरच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

वारंवार निखळणाऱ्या खांद्यावरच्या लेखात ‘दुर्बिणीचं ऑपरेशन (बारीक भोकांतून केलेलं) उघड्यापेक्षा (मोठी चीर देऊन केलेल्यापेक्षा) महाग पडतं’ असं मी लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमच्या भावाचं दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी तो घरी आला, बेडचं भाडं वाचलं. ‘जुन्या चिरफाडीची भलामण कशाला करता?’ असा तुमचा सवाल, वर ‘कार्डावर फुकट होतं’ हेही.

आधी माझी चूक. मी नुसतं बिल धरलं. सोबत राहणाऱ्याचा बुडालेला रोज, दवाखान्यासमोरच्या खानावळीतलं जेवण, बसच्या खेपा हे बिलात येत नाही, आणि उघड्यात मुक्काम लांबला की ते वाढतं. वीस वर्षं दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीत बसलेल्याला कागदाबाहेरचं दिसत नाही, दुसरं काय!

पण बेडच्या भाड्यावर निकाल लावू नका. परदेशात बेड आणि थिएटरचे तास महाग, म्हणून लवकर घरी जाणारा पेशंट तिथं स्वस्त पडू शकतो. आपल्या बेळगाव-चिकोडी-निपाणीकडं जनरल वॉर्डचा बेड म्हणजे बिलातली सगळ्यात गरीब ओळ. बिल फुगतं ते अँकरनी. खांद्याच्या वाटीच्या कडेला कूर्चेचा गोठ असतो, तो उसवतो. तो परत हाडाला बसवायला दोरा ओवलेल्या बारक्या खुंट्या हाडात रोवतात, त्या अँकर. दुर्बिणीत बहुधा तीन तरी लागतात. वर शेव्हरचं (आतलं खरवडायच्या यंत्राचं) पातं, कॅन्युला (हत्यारं आत घालायची नळी), रेडिओफ्रीक्वेन्सीची (विजेनं जाळणारी) कांडी, सगळं एकदा वापरून टाकायचं (कागदावर तरी). उघड्यात हाडाला भोकं पाडून नुसत्या दोऱ्यानंही गोठ बांधता येतो. बँकार्ट या इंग्रज सर्जननं १९२३ साली ही दुरुस्ती मांडली तेव्हा अँकर नव्हतेच. आता उघड्यातही बरेच जण अँकर घालतात, मग फरक तेवढा कमी होतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना सरकारनं २०१७ मध्ये कमाल दर लावले, अँकरना नाहीत. म्हणून ‘पॅकेज किती?’ एवढंच विचारून उठू नका. अँकर किती, कुठल्या कंपनीचे, पॅकेजात धरलेत की वेगळे, हे विचारा. माझ्या खिडकीवरची निम्मी भांडणं याच ओळीवरून व्हायची.

भाऊ घरी कधी आला ते लिहिलंत, कामावर कधी गेला ते नाही. कातडीवरचं भोक लहान म्हणून आतला गोठ हाडाला लवकर चिकटत नाही. काही आठवडे हात झोळीत, मग व्यायाम, आणि ओझं किंवा कुस्ती काही महिन्यांनीच, दोन्हीकडं सारखंच. उघड्यात सुरुवातीला दुखतं जास्त, पुढचा स्नायू सोडवावा किंवा चिरावा लागतो, हे मात्र दुर्बिणीच्या बाजूनं.

आणि पुन्हा निखळला तर? कॅनडात १९६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून केलेली तुलना २०१४ मध्ये छापून आली. दोन वर्षांत उघड्यात ११ टक्के खांदे पुन्हा निखळले, दुर्बिणीत २३ टक्के. रुग्णांनी सांगितलेल्या जगण्याच्या दर्जात मात्र फारसा फरक नव्हता. आता आपल्याकडं खांदा कुणाचा उतरतो? आखाड्यातल्या आणि कबड्डीतल्या पोरांचा. विशीतलं पोर, त्यात वाटीचं हाड झिजलेलं असेल तर सर्जन लाटार्जे सुचवतात: जवळचाच हाडाचा तुकडा काढून वाटीच्या कडेला बहुधा दोन स्क्रूंनी बसवायचा. हे बहुतेक उघडंच होतं. दुर्बिणीचं फसून मागाहून हे करावं लागलं, तर एका खांद्याची दोन बिलं झाली की नाही? हाड शाबूत असलेल्या चाळिशीतल्या दुकानदाराला मात्र मीही दुर्बीणच सांगेन.

‘कार्डावर फुकट होतं’ हेही अर्धंच. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, एपीएलला (रेषेवरच्याला) पॅकेजच्या ३० टक्केच. आणि असल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, त्यावरून दोन सरकारांत जुंपली. पेशंटला मिरजेला किंवा कोल्हापूरला नेण्याआधी तिथं कोणतं कार्ड चालतं ते फोन करून विचारा.

भावाचं बिल जपून ठेवलं असेल तर नाव झाकून फोटो पाठवा. अँकरची ओळ बघू, मग बोलू.