‘आळशी नकला’ म्हणून हिणवलेले खेळ: घरगुती आर्केड आवृत्त्यांवरील आरोपाचा प्रतिवाद

जुन्या व्हिडिओ गेमविषयी एक जोडचित्र गेली कित्येक वर्षे फिरत आहे. त्यात डावीकडे आर्केडमधल्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक दालनातल्या, यंत्रावरचा पॅकमॅन असतो, काळ्या पार्श्वभूमीवर रेखीव निळा भूलभुलैया आणि चार रंगांची चार भुते. उजवीकडे अटारी २६०० या कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरचा, पॅकमॅन असतो, त्यात ठिपक्यांच्या जागी जाड आडव्या रेघा दिसतात आणि भूत एकच असते, तेही फिकट. सोबतच्या मजकुराचा आशय साधारण असा: ऐंशीच्या दशकात घरच्या कॉम्प्युटरवर आणि कन्सोलवर आलेले आर्केड खेळ ही ग्राहकांची फसवणूक होती, प्रोसेसर तेच असल्यामुळे मूळ प्रोग्राम सहज उतरवता आला असता, पण प्रोग्रामरांनी आळस केला, रंगांचा गोंधळ हा निष्काळजीपणाचा पुरावा आहे, लोकांना हे खेळ तेव्हाही आवडले नव्हते, आणि मूळ खेळापेक्षा सरस अशी घरगुती आवृत्ती एकही निघाली नाही. यातला एक भाग खरा आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे, पण बाकीचा आरोप यंत्रे कशी चालत हे न पाहताच केलेला आहे.

सुरुवात त्या चित्रापासूनच करू, कारण पुरावा म्हणून पुढे केलेले ते चित्रच दिशाभूल करते. अटारीवरच्या पॅकमॅनमध्ये भुते चारच आहेत. मात्र ती सगळी एकाच स्प्राइटवर, म्हणजे यंत्राने स्वतंत्रपणे हलवता येईल अशा एकाच छोट्या आकृतीवर, आळीपाळीने दाखवली जातात. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या अमेरिकन दूरचित्रवाणी संचावर प्रत्येक भूत चारांतल्या एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा, उमटते. त्या काळच्या काचेच्या नळीचा पडदा क्षणभर उजेड धरून ठेवी, त्यामुळे पाहणाऱ्याला चार लुकलुकणारी भुते दिसत. आजचा स्क्रीनशॉट मात्र एकच फ्रेम पकडतो आणि उरलेली तीन भुते त्यात येतच नाहीत. लुकलुकणे तेव्हाही खटकत होते आणि त्याबद्दल नापसंतीही व्यक्त झाली होती, हे खरे. पण म्हणून ज्या चित्रात तीन भुते गाळली गेली आहेत ते प्रामाणिक तुलना ठरत नाही.

हा खटाटोप करावा का लागला, याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. अटारी २६०० हे १९७७ सालचे यंत्र. त्या वेळी लोकप्रिय असलेले खेळ म्हणजे दोन रणगाड्यांची लढाई किंवा दोन बॅटी आणि एक चेंडू, म्हणून त्याच्या चित्रचिपमध्ये दोन खेळाडू-स्प्राइट, दोन गोळ्या, एक चेंडू आणि ठोकळ्यांची ओबडधोबड पार्श्वभूमी एवढीच सामग्री होती. संपूर्ण चित्र साठवून ठेवायला मेमरी नव्हतीच. पडद्यावर किरण एकेक आडवी ओळ रेखत जाई आणि ती ओळ रेखली जात असतानाच तिच्यात काय दिसावे हे प्रोग्रामला सांगत राहावे लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरची ७६ आवर्तने, म्हणजे कामाचे ठोके, मिळत आणि एकेका आज्ञेला किमान दोन, बहुधा तीन-चार आवर्तने लागत, म्हणजे साधारण वीस-पंचवीस आज्ञांचा अवकाश. खेळाचा बाकीचा सगळा विचार, म्हणजे कोण कुणाला धडकले, गुण किती झाले, भूत कुठे वळले, हे सगळे किरण पडद्याबाहेर असताना उरकायचे. कामचलाऊ मेमरी किती, तर १२८ बाइट. आजच्या फोनवर देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, त्या हिशोबाने त्या मेमरीत बेचाळीस चिन्हे मावतील.

पॅकमॅनमध्ये कोणते ठिपके खाऊन झाले आणि कोणते उरले याची नोंद याच १२८ बाइटांत ठेवावी लागे. शिवाय दोघांनी आळीपाळीने खेळण्याची मूळ यंत्रावरची सोय टॉड फ्राय या प्रोग्रामरने घरच्या आवृत्तीतही राखली, त्यामुळे थांबलेल्या खेळाडूचे उरलेले ठिपकेही तिथेच जपणे आले. ठिपक्यांच्या रेघा का झाल्या, तर ते पार्श्वभूमीच्या ठोकळ्यांतून काढले आहेत आणि त्या यंत्रावर असा एक ठोकळा उंचीला कितीही कमी करता आला तरी रुंदीला ठरावीक मापापेक्षा लहान करता येत नाही. भूलभुलैयाचा आकार बदलण्यालाही कारण होते: नामको कंपनीच्या मूळ यंत्रातला पडदा उभा होता, २२४ बाय २८८ बिंदूंचा, आणि घरचा टीव्ही आडवा. इतका सगळा हिशोब मांडून, चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या खेळाच्या डबीत, जो खेळ बसवला त्याला रुक्ष म्हणा, कुरूप म्हणा. आळशी हा शब्द त्याला लागू होत नाही.

याच यंत्रावर आलेला स्पेस इन्व्हेडर्स हे तर मर्यादेतून मार्ग काढण्याचे उत्तम उदाहरण आहे. तैतो कंपनीच्या १९७८ सालच्या मूळ खेळात अकरा-अकरांच्या पाच रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी असतात. रिक मॉरर यांनी १९८० मध्ये केलेल्या अटारी आवृत्तीत ते ३६ आहेत, सहा-सहांच्या सहा रांगा. हा आकडा सहाच का? अटारीची चित्रचिप एका स्प्राइटच्या एकाच ओळीत तीन प्रती उमटवू शकते. स्प्राइट दोन, म्हणून एका रांगेत सहा. जिथे दोनच आकृत्या मिळतात तिथे छत्तीस उभ्या करणाऱ्या माणसाला एकोणीस कमी पडले म्हणून जाब विचारणे मला तरी हास्यास्पद वाटते.

आता प्रोसेसरचा मुद्दा, जो ऐकायला सर्वांत तर्कशुद्ध वाटतो. पॅकमॅनच्या आर्केड यंत्रात झेड-८० हा प्रोसेसर ३.०७२ मेगाहर्ट्झ वेगाने चालत होता आणि ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरमध्ये तोच प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झने. (भारतातही पुढे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने त्याची परवानाधारक आवृत्ती विकली गेली.) मग घरचे यंत्र उलट वेगवान नव्हते का? नव्हते, कारण आर्केडच्या बोर्डावर आकृत्या उमटवण्याचे काम वेगळी सर्किटे करत असत. भूत अमुक जागी दाखव एवढेच प्रोसेसरने सांगायचे. स्पेक्ट्रममध्ये अशी मदत शून्य होती. तिथे प्रत्येक आकृतीचा प्रत्येक बाइट प्रोसेसरनेच पडद्याच्या मेमरीत नेऊन ठेवायचा आणि आकृती हलली की खालची पार्श्वभूमीही पूर्ववत करायची.

हे काम केवढे होते, त्याचा हिशोब कुणालाही करता येईल. स्पेक्ट्रमच्या पडद्यावरचे चित्र ६,१४४ बाइटांचे. एक बाइट हलवण्यासाठी झेड-८० ची नेहमीची आज्ञा वापरली तर २१ आवर्तने लागतात, म्हणजे संपूर्ण पडदा एकदा हलवायला सुमारे १,२९,००० आवर्तने. सेकंदाला पन्नास फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेममध्ये मिळतात सुमारे ७०,०००. खेळाचा विचार, आवाज, कळा वाचणे यांतले काहीही न करता नुसता पडदा सरकवायलाच जवळजवळ दोन फ्रेम खर्ची पडतात. कसलेले प्रोग्रामर यावर युक्ती काढत: स्टॅक हा प्रोसेसरचा तात्पुरत्या नोंदींचा कप्पा चित्रे हलवण्यासाठी राबवायचा, म्हणजे दोन बाइटांमागे तेवढीच २१ आवर्तने लागत आणि निम्मा वेळ वाचे. इरेम कंपनीचा १९८७ सालचा आर-टाइप, ज्यात सगळी पार्श्वभूमी सतत सरकते आणि पडदाभर राक्षस येतात, तो बॉब पेप यांनी १९८८ मध्ये याच यंत्रावर उतरवला, तोही रंगीत.

तिथे ‘रंगीत’ हा शब्द किती महाग होता, हे रंगांचा गोंधळ म्हणून खिल्ली उडवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. स्पेक्ट्रमवर प्रत्येक आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनात दोनच रंग वापरता येत, कारण रंगांची नोंद बिंदूनिहाय न ठेवता चौकोननिहाय ठेवली होती आणि ती ७६८ बाइटांत भागे. प्रत्येक बिंदूला सोळांपैकी कोणताही रंग द्यायचा म्हटले असते तर पडद्यालाच २४,५७६ बाइट लागले असते, म्हणजे ४८ किलोबाइटच्या मेमरीतला अर्धा भाग. लाल भूत निळ्या भिंतीजवळ गेले की त्या चौकोनापुरती भिंत लाल होणे हा यंत्राचा गुणधर्म होता, आणि त्यावर उपाय म्हणून अनेकांनी खेळाचा मुख्य भाग जाणूनबुजून एकरंगी ठेवला. मला स्वतःला ते एकरंगी खेळ डोळ्यांना अधिक सुखकर वाटतात, पण हा आवडीचा भाग झाला.

‘मूळ प्रोग्राम उतरवणे’ ही कल्पनाही बहुतेक वेळा निराधार आहे. परवाना घेणाऱ्या कंपनीला खेळाचे नाव आणि रूप वापरण्याचा हक्क मिळे. मूळ प्रोग्राम हाती पडेलच असे नसे. अनेकदा आर्केडचे एक यंत्र कचेरीत आणून ठेवत, प्रोग्रामर ते तासन्‌तास खेळत, पडद्याचे चित्रण करून ते थांबवून-थांबवून पाहत आणि चित्रकार नजरेने पाहून आकृत्या नव्याने काढत. प्रोग्राम मिळाला असता तरी त्याचा उपयोग मर्यादितच झाला असता: सेगाच्या १९८६ सालच्या आउटरनमध्ये ‘६८०००’ नावाचे दोन प्रोसेसर आणि आकृत्या लहान-मोठ्या करणाऱ्या खास चिप होत्या, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञा कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरच्या आठ-बिटी प्रोसेसरला निरर्थक होत्या.

इतके असूनही घरगुती आवृत्त्या कौशल्याच्या अभावी तोकड्या राहिल्या असे ज्यांना वाटते, त्यांनी डाँकी काँग पाहावा. निन्टेन्डोच्या १९८१ सालच्या मूळ खेळात चार टप्पे आहेत. जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने स्वतःचा फॅमिकॉम कन्सोल बाजारात आणला, तेव्हा पहिल्या दिवसापासून मिळणाऱ्या खेळांत डाँकी काँग होता. खेळ स्वतःचा, यंत्र स्वतःचे, प्रोग्राम हाताशी, आणि तरीही सरकत्या पट्ट्यांचा एक संपूर्ण टप्पा त्यातून गाळलेला होता. २४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये कुठेतरी कात्री लावावीच लागली.

मात्र आरोपातला खरा भाग इथेच येतो. काही घरगुती आवृत्त्या खरोखरच हलगर्जीपणाने काढलेल्या होत्या, विशेषतः दशकाच्या उत्तरार्धात, युरोपच्या बाजारात. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरमध्येही झेड-८० होता म्हणून स्पेक्ट्रमचाच प्रोग्राम थोडी डागडुजी करून त्यावर चढवला जाई. त्या यंत्राचा पडदा १६ किलोबाइटचा असल्यामुळे खेळ रखडत चाले. अटारी एसटी या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला खेळ अमिगा या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा नेऊन अमिगातली चित्रे हलवणारी खास चिप न वापरताच ठेवून देणे, हाही त्यातलाच प्रकार. नाताळच्या आत माल दुकानात पोहोचला पाहिजे ही घाई असे आणि परवान्यासाठी मोजलेले पैसे वसूल करायचे असत. यूएस गोल्ड या खेळ विकणाऱ्या कंपनीने आउटरनच्या खोक्यात आर्केडमधल्या संगीताची वेगळी कॅसेट घातली होती, ती घरच्या आवृत्तीत काय कमी आहे याचा विक्रेत्यानेच दिलेला कबुलीजबाब म्हणावा लागेल. अशा ठिकाणी टीका जरूर करावी, पण ती वेळापत्रक आखणाऱ्यांवर.

लोकांना हे खेळ आवडले नाहीत, या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. स्पेस इन्व्हेडर्स आल्यावर अटारी २६०० ची विक्री कित्येक पटींनी वाढली, आणि ज्या पॅकमॅनची थट्टा होते तो सत्तर लाखांहून अधिक खपून त्या कन्सोलवरचा सर्वाधिक विकला गेलेला खेळ ठरला. खप म्हणजे समाधान नव्हे, आणि पॅकमॅनने पुष्कळांची निराशाही केली. पण फसवले गेलेले गिऱ्हाईक हे वर्णन स्पेस इन्व्हेडर्सवर संध्याकाळी घालवणाऱ्या कुटुंबांना लागू पडत नाही.

सरस आवृत्ती एकही नव्हती, हे विधान सर्वांत सहज खोडता येते. आर्केडचा खेळ नाणे गिळण्यासाठी आखलेला असतो. खेळणारा काही मिनिटांत बाद व्हावा यातच यंत्रमालकाचा फायदा. घरी एकदाच पैसे मोजलेले असल्यामुळे खेळ लांबवणे, पर्याय देणे शक्य होते. अटारीवरच्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ११२ प्रकार होते. सरकत्या ढाली, अदृश्य शत्रू, दोघांनी एकाच वेळी खेळणे, यांतले काहीही मूळ यंत्रावर नव्हते. कॅपकॉमच्या कमांडोच्या कमोडोर ६४ आवृत्तीला रॉब हबर्ड यांनी दिलेले संगीत आजही स्वतंत्रपणे ऐकले जाते. आणि कोनामीचा कॉन्ट्रा? १९८७ सालच्या आर्केड यंत्रापेक्षा १९८८ ची निन्टेन्डो आवृत्ती बहुतेकांना अधिक प्रिय आहे, कारण टप्पे घरच्या यंत्रासाठी नव्याने आखले गेले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर ज्यांनी तीस जिवांचा कॉन्ट्रा खेळला, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचे आर्केड रूप कधी पाहिलेही नव्हते आणि त्यांचे काही अडलेही नाही.

आरोप करणाऱ्यांकडे एक बळकट युक्तिवाद उरतो. अलीकडच्या काळात हौशी प्रोग्रामरांनी त्याच अटारी २६०० वर, त्याच चार किलोबाइटमध्ये, मूळ खेळाच्या कितीतरी जवळ जाणारा पॅकमॅन करून दाखवला आहे. म्हणजे ते शक्य होते. होय, शक्य होते. मात्र या मंडळींच्या हाती एकेक आवर्तन मोजून दाखवणारी साधने होती, तीन दशकांत इतरांनी शोधलेल्या युक्त्या होत्या आणि कोणतीही मुदत नव्हती. याहून जवळचा दाखला १९८३ सालच्या मिस पॅकमॅनचा आहे. तेच यंत्र, तेच १२८ बाइट, तरीही लुकलुकणे पुष्कळच कमी, कारण भुते एकमेकांच्या ओळीत आली तरच ती आळीपाळीने दाखवली जातात. आणि कार्ट्रिज आठ किलोबाइटचे. आठ किलोबाइटची कार्ट्रिज चालवण्याचे तंत्र अटारीने १९८१ सालच्या अ‍ॅस्टेरॉइड्समध्येच वापरले होते, म्हणजे पॅकमॅन बाजारात आला त्याच्या आधीच ते कंपनीच्या हाती होते. लाखो कार्ट्रिजांमध्ये चार किलोबाइटची चिप घालायची की आठची, हा हिशोब ज्या टेबलावर होतो ते टेबल प्रोग्रामरचे नसते.