काळी गाडी आणि गल्लीतले तज्ज्ञ

काळी गाडी घ्यायची हौस असेल तर खुशाल घ्या, पण सांगलीत राहत असाल तर आधी ऊसतोडीच्या हंगामात आष्टा रोडला जरा उभं राहून बघा. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडनं बाहेर आलेला, आणि ओव्हरटेक करताना तो पाला गाडीला सर्रर्र करत घासत जातो ना, पांढऱ्या गाडीवाल्याला तो नुसता आवाज वाटतो, आमचा मात्र जीव खालीवर होतो.

घरी येऊन उन्हात बघितलं तर डाव्या दोन्ही दारांवर मांजरानं नखं मारल्यागत बारीक रेघा. आणि गाडीवर ओरखडा दिसला की आपल्याकडं गल्ली जमतेच. शेजारचे काका तर टूथपेस्ट घेऊनच आले, तीही खालनं गुंडाळत आणलेली, संपत आलेली ट्यूब. "दात चमकतात, मग गाडी का नाही?" आता टूथपेस्टमध्ये घासायची बारीक पावडर असते हे खरं, अगदी वरवरची रेघ थोडी विरतेही, पण तिथं धुरकट डाग पडला तर तो कशानं काढायचा? आणखी एकानं खोबरेल तेल सुचवलं. त्यानं रेघ शंभर टक्के दिसेनाशी होते, पुढच्यांदा गाडी धुवेपर्यंत.

कामाचं बोलला तो फक्त डेंटिंग-पेंटिंगवाला. "रेघेवर नख आडवं फिरवा. अडकलं तर टचअप, म्हणजे रेघेत रंग भरायचा; नाही अडकलं तर रबिंग, म्हणजे कंपाउंडची पेस्ट लावून घासायचं." वर म्हणाला, रंगावर जो क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो तो असतोच किती, 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. आणि रेघ घालवायची म्हणजे तिच्या आजूबाजूचा क्लिअर तिच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. हे ऐकल्यावर कंपाउंड लावताना हात असा हलका पडायला लागला की मायक्रोफायबरचं फडकं दाराला टेकलंय का नाही तेच कळेना.

तरी गाडी धुवून, सावलीत लावून, थोडं थोडं घासत बऱ्याच रेघा गेल्या. बदल्यात हँडलच्या फटीत आणि काचेच्या रबरावर कंपाउंड पांढरं होऊन बसलं, ते जुन्या ब्रशनं कोरत बसायचं काम वेगळंच.

हँडलखालच्या एका रेघेत मात्र नख अडकलं. दुकानात गेलो, म्हटलं काळा रंग द्या. "कुठला काळा?" अहो काळा म्हणजे काळा! तर नाही, साधा काळा, मेटॅलिक काळा, पर्ल काळा, आणि कंपनीगणिक वेगळा. गाडीवर स्टिकर असतो, त्यावर कलर कोड असतो म्हणे. कुठल्या गाडीत दाराच्या चौकटीवर, कुठल्या गाडीत बॉनेटखाली. बाटलीतला ब्रश त्या रेघेच्या मानानं पार झाडूच, म्हणून टूथपिकच्या टोकानं पातळ थर दिला, वाळू दिला, परत दिला, वरनं लॅकरचा पारदर्शक थर, आणि पार वाळल्यावर 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे एकदम बारीक पॉलिशपेपर, पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं. जवळनं कळतं, पण दोन पावलं मागं सरकलं की मलाच शोधावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काका गाडीपाशी, हातात जुनं बनियन, कोरडं, धुळीवर गोल गोल फिरवतायत. मी ओरडायच्या आत दारावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, गेली का नाही रेघ? मी म्हटलं नव्हतं, टूथपेस्ट लावा म्हणून!"