टेस्टर पेटला नाही, सबब करंट नाही

माझ्या टेबलावरच्या मॉडेल रेल्वेत एकाच रुळावर दोन इंजिनं आपापल्या वेगाने धावताना बघून शेजारचे काका म्हणाले, "पण ह्यात करंटच नाहीये."

काकांचा जन्म घरांच्या वायरिंगमध्ये गेला. खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. तो त्यांनी रुळाला टेकवला, मागे अंगठा दाबला, आणि मीटरमध्ये फेरफार करताना सापडलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"फेज कुठला?"

"फेज नाही काका, हे डीसीसी आहे, डिजिटल कमांड कंट्रोल."

"बरं, डीसी. मग प्लस कुठला?"

"प्लसही नाही. दोन्ही रूळ सारखे उलटसुलट होत असतात."

"न्यूट्रल?"

"नाही."

"अर्थिंग तरी केलंयस का?"

"रुळांना नसतं."

काकांनी बोटांवर हिशेब मांडला. "फेज नाही, न्यूट्रल नाही, प्लस-मायनस नाही, अर्थिंग नाही. आणि गाडी धावतेय. वा!"

आता काकांचा टेस्टर निऑनचा. साठेक व्होल्टच्या खाली तो डोळा उघडत नाही, आणि एचओच्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मॉडेलच्या, रुळावर असतात जेमतेम 15 व्होल्ट. ते क्षणाक्षणाला उलटतात आणि त्या उलटण्यातच निरोप असतो: अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असेल तर 'एक', 100 च्या आसपास किंवा जास्त असेल तर 'शून्य'. इंजिनातला डिकोडर, म्हणजे हा निरोप वाचणारी इवलीशी चिप, फक्त स्वतःच्या पत्त्यावरचा निरोप पाळतो. (नवीन इंजिन बहुधा 3 हाच पत्ता घेऊन येतं. तो बदलायला विसरलात तर दोन नवी इंजिनं एकाच हुकमावर सुटतात.)

साध्या डीसीत ही सोय नाही. तिथे रुळाचे ब्लॉक, म्हणजे विजेपुरते वेगळे तुकडे, पाडायचे, प्रत्येकाला मधे बंद होणारा डीपीडीटी (दोन्ही वायरी एकदम पालटणारा) स्विच द्यायचा: वर केला की पहिला कंट्रोलर, खाली केला की दुसरा. बारा ब्लॉक, बारा स्विच. गाडी कोण चालवणार? तुम्ही तर लिफ्टमन.

"म्हणजे डीसीसीत दोनच वायरी लावल्या की झालं!" काका म्हणाले.

हे वाक्य मला वर्षानुवर्षं छळतंय. विकणारेही हेच सांगतात. त्यांना एकदा टेबलाखाली उताणं झोपवून वर बघायला लावावं. दोन वायरी खऱ्या, पण ती झाली बस, म्हणजे मुख्य वायर: 2.5 चौरस मिलिमीटरची, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यापासून दर मीटर-दीड मीटरवर 0.5 ची फीडर जोडी, म्हणजे रुळापर्यंत जाणाऱ्या बारीक वायरी, प्रत्येक रुळाला डाग दिलेली. रूळ जोडणाऱ्या जॉइनरवर विसंबायचं नाही. ते ढिले होतात, काळवंडतात, आणि लांबच्या कोपऱ्यात गेलं की इंजिन दमेकऱ्यासारखं चालतं.

हे सांगत असताना काकांनी टेस्टर खाली ठेवला. दोन्ही रुळांवर, आडवा.

सगळं थांबलं.

"बघ, म्हटलं होतं ना? करंट नाही."

संताप याचा येतो की तीच खरी परीक्षा असते. रुळावर जागोजागी नाणं आडवं ठेवायचं, शॉर्ट होऊन बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा, तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर वायर बारीक आहे किंवा फीडर लांब पडलाय, आणि घसरलेल्या डब्याखाली 5 अँपिअर गुणिले 15 व्होल्ट, म्हणजे 75 वॉट, बिनबोभाट प्लॅस्टिक वितळवत बसतात. काकांच्या टेस्टरने माझं वायरिंग पास केलं, आणि काका मला नापास करून गेले.

रिव्हर्स लूपचं त्यांनी विचारलं नाही ते बरं. गाडी फुग्याच्या आकाराच्या वळणावरून परत त्याच मार्गाला लागली की डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. म्हणून लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे, मधल्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर (रुळांची जोडणी आपोआप उलटवणारा) लावायचा, आणि तो तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब ठेवायचा. आखूड ठेवला तर गाडीची धातूची चाकं दोन्ही टोकं एकदम जोडतात आणि बिचारा रिव्हर्सर गोंधळतो.

आणि एक वर्ग आहे, त्यांच्याशी मला बोलायचंच नाही: लाल वायर संपली म्हणून उरलेले फीडर घरात सापडेल त्या रंगाने जोडणारे. टेबलाखाली पडून कुठली पिवळी कुठल्या रुळाची हे शोधायला शेवटी बोलावतात मात्र दुसऱ्यालाच.