पाणी मुरतंय? मुरू द्या!

नळाला पाणी आलं की तांब्यात घेऊन उजेडाकडं धरावं. स्वच्छ दिसलं तर प्यावं, गढूळ दिसलं तर तोटीला जुन्या धोतराचं फडकं बांधून प्यावं. झाली तपासणी! 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये, असं भारतीय मानक म्हणतं. पण जो जंतू तुमच्या आजोबांच्या धोतराचा मान राखत नाही, त्याची दखल तुम्ही तरी का घ्यावी?

कुणावर तरी खापर फोडायचंच झालं, तर नदीच्या वरच्या अंगाला बघावं. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-कागवाडकडच्या कृष्णाकाठाला ही सोय आयतीच आहे. कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी पोटात घेऊन पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा खाली आपल्याकडं येते. 1956 पासून आपण ज्या सीमेपलीकडं, महाराष्ट्रात, जायला झगडतोय, ती सीमा ही घाण रोज विनातक्रार ओलांडते. खानापूरकरांची मात्र पंचाईत आहे. मलप्रभेचा उगमच त्यांच्या तालुक्यात, कणकुंबीला. बोट दाखवायला वर देवाशिवाय कुणी नाही.

आपल्या गल्लीतल्या गटाराकडं मात्र चुकूनही वाकून बघू नका. बघितलंत तर नळाची पाइप त्याच गटारातून गेलेली दिसेल, जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली दिसेल, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात काळं पाणी आणि त्यावर तरंगणारी गुटख्याची पुडी दिसेल. पाणी सुटलेलं असतं तोवर दाबानं ते गळतीतून बाहेर येतं. चावी बंद झाली की दाब जातो, आणि तेच भोक गटाराला आत घेतं. चालू पाण्यावर चार घरांनी मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. तेव्हा मोटर लावावीच, आणि शेजाऱ्याच्या आधी लावावी.

असं काही आत शिरलंच तर ते मारायला शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिला पाहिजे, असा दंडक आहे. पण जरा वास आला की आपण वॉटरमनला धरायचं, ‘औषध ओतलास काय रे सगळं?’ म्हणून. बिचारा दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग पावडर निम्म्यावर आणतो. नाहीतरी पावडरीचं पोतं उघडंच पडलेलं असतं. ओल लागली की त्यातला जोर जातो, म्हणजे ऐन पावसाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा.

एवढ्यात दारात पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा येतो. त्याला चहा द्या. तो दोन ग्लासांत लोखंडी सळ्या बुडवून वीज सोडेल. तुमच्या नळाचं पाणी तपकिरी होईल, त्याचं तसंच राहील. तो गाळ सळ्यांचाच असतो, क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून निघतो, हे भर बैठकीत बोलून त्याचा धंदा बुडवू नका. टीडीएसचं पेनही त्याच्याकडूनच घ्या. 500 च्या आत आकडा आला की पाणी पास. पेनाला विरघळलेले क्षार कळतात, कावीळ कळत नाही, पण आकडा दिसतो हे काय कमी आहे?

उसाच्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी असेल, तर उकळा. लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही खतातून मुरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा. उकळून पाणी आटतं, नायट्रेट तेवढाच राहतो. तान्ह्या बाळाच्या बाटलीत घालायला एकदम दाट पाणी तयार!

जलजीवन मिशननं गावोगाव पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं आहे. किट पंचायतीच्या कपाटात असेल, कपाटाची किल्ली कुणाकडं हे शोधत बसू नका. त्यात जंतू तपासायची छोटी बाटली असते. दूषित पाणी भरून ठेवली की एक-दोन दिवसांत काळी पडते, आणि पडली की पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, अर्ज करणं आलं. अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, यावर ग्रामसभा बसेल, उठेल, पुन्हा बसेल. तोवर शुद्ध पाण्याच्या मशीनमध्ये नाणं टाकून कॅन भरून आणावा. तिथला फिल्टर शेवटचा कधी बदलला, असं विचारू नये. मागं रांग खोळंबते.